समुद्र गरुडाच्या घरट्याची राखण : दोन फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरील एका गावात समुद्र गरुडाच्या घरट्यावर देखरेख ठेवण्यासाठी स्थानिक निसर्गप्रेमींचे एक मंडळ दर हंगामात बाहेरगावच्या स्वयंसेवकांना बोलावते. चार रात्रींचा मुक्काम, दोन वेळचे जेवण, सकाळ-संध्याकाळची पाळी आणि पहिल्या दिवशीचे प्रशिक्षण असा हा कार्यक्रम असून त्यासाठी माणशी ५,२०० रुपये घेतले जातात. गेल्या हंगामात मी तो दोनदा केला. एकदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अंडी उबवणे चालू असताना, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारीच्या अखेरीस, घरट्यात पिल्लू असताना. गावाचे आणि मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की घरट्याचा ठावठिकाणा कुठेही लिहायचा नाही, ही या कार्यक्रमाची पहिलीच अट आहे आणि ती मला पूर्णपणे पटलेली आहे. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांना कोकणातल्या जुन्या पक्षिनिरीक्षकांकडे चौकशी केल्यास वाट सापडेल.

प्रथम पक्ष्याविषयी. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड हा आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा शिकारी पक्षी आहे, असे माझे मत आहे आणि त्यात मी पक्षपाती आहे, हेही मान्य करतो. डोके, मान आणि पोट शुभ्र, पाठ राखाडी, शेपटी आखूड आणि पाचरीच्या आकाराची, पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास, आणि मादी नरापेक्षा मोठी. मासे आणि समुद्री साप हे त्याचे मुख्य अन्न. पाण्यात बुडी न मारता तो पृष्ठभागावरूनच भक्ष्य उचलतो आणि जमल्यास ब्राह्मणी घारीच्या तोंडचा घासही हिसकावतो. जोडी वर्षानुवर्षे एकाच घरट्यात परतते, दर वर्षी त्यावर नव्या काटक्या रचते, आणि त्यामुळे घरट्याचा आकार वाढत वाढत गाडीच्या टपाएवढा होतो. एवढे ओझे पेलणारे झाड उंच, जुने आणि समुद्राच्या जवळ असावे लागते. तशी झाडे आता मोजकी उरली आहेत. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या पट्ट्यात बागाच्या बागा आडव्या केल्या, आणि या जोडीचे पूर्वीचे घरटेही ज्या सुरूवर होते तो सुरू त्याच दिवशी पडला, असे गावात सांगतात. सध्याचे घरटे एका बागायतदाराच्या अंगणाच्या कडेला असलेल्या जुन्या रायवळ आंब्यावर आहे. म्हणजे ते अभयारण्यात नाही, राखीव वनातही नाही; एका कुटुंबाच्या परसात आहे. या कार्यक्रमाचे सारे गुणदोष या एका गोष्टीतून येतात, म्हणून ती आधी सांगितली.

जाणाऱ्याने एक गैरसमज घरीच सोडून जावे. वेळासला कासवांच्या महोत्सवाला गेलेली माणसे इथेही तशाच अपेक्षेने येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासला कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे गावकऱ्यांच्या सहभागाने ते पर्यटनाला जोडले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. (समुद्र गरुडाच्या घरट्यांची किनाऱ्यावर फिरून मोजदादही याच संस्थेने फार पूर्वी केली होती.) परंतु कासवाची अंडी कुंपणात आणून ठेवता येतात, पिल्ले बाहेर आल्यावर शंभर माणसांना एकाच वेळी दाखवता येतात आणि त्यामुळे त्यांचे काही बिघडत नाही. गरुडाच्या बाबतीत पाहणाऱ्यांची संख्या वाढणे हेच संकट आहे. इथे आपण पाहुणे म्हणून जात नाही, राखणदार म्हणून जातो. आणि राखणीचा बहुतेक वेळ काहीही न घडण्यात जातो. माझ्या आठ दिवसांच्या नोंदवहीत पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांपैकी बहुसंख्य रकान्यांत ‘बसलेली’ हा एकच शब्द आहे.

प्रशिक्षण दोन तासांचे असून ते या कार्यक्रमाचा सर्वांत चांगला भाग आहे, हे मी निःसंकोच म्हणेन. शिकवणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर आहेत आणि ते शोभतेही. त्यांनी पक्ष्याची माहिती दहा मिनिटांत आटोपली आणि उरलेला सगळा वेळ ‘आपण काय करायचे नाही’ यावर घालवला. झाडाखाली जायचे नाही. लपणात, म्हणजे समोरच्या उतारावर नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या आडोशात, उजाडण्यापूर्वी शिरायचे आणि पाळी संपेपर्यंत बाहेर यायचे नाही. भडक कपडे नकोत. मोबाइलने छायाचित्र काढायचेच असेल तर त्यातील ठिकाणाची नोंद आधी बंद करायची, कारण समाजमाध्यमावर टाकलेल्या एका छायाचित्रातून पत्ता फुटतो. पक्षी मान उंच करून आपल्या दिशेने टक लावून पाहू लागला, ओरडू लागला किंवा घरट्यात उभा राहिला, की तो आपल्याला जा असे सांगतो आहे असे समजायचे आणि मागे सरायचे. यामागचे कारणही त्यांनी नीट समजावले. मादी अंड्यांवरून उठली की दोन धोके असतात; एक उन्हाचा आणि दुसरा डोमकावळ्यांचा. उबवण्याचा काळ सुमारे सहा आठवड्यांचा असतो, आणि त्यातली दहा मिनिटेही कावळ्याला पुरतात.

त्यांनी कायद्याचीही एक गोष्ट सांगितली, जी माझ्यासह कोणालाच ठाऊक नव्हती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे याचाही समावेश आहे. म्हणजे घरट्यावर दगड भिरकावणारा मुलगा, घरटे असलेली फांदी तोडणारा मालक आणि चांगल्या छायाचित्राच्या लोभाने पक्ष्याला उठवणारा पुणे-मुंबईचा हौशी छायाचित्रकार हे तिघे कायद्याच्या भाषेत बंदूकवाल्याच्याच पंक्तीला बसतात. मास्तरांनी हे सांगताना आमच्यातल्या लांब भिंगवाल्यांकडे पाहिले. त्यांतला एक मी होतो.

डिसेंबरमधील पाळी सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते पावणेसात अशी होती. लपण घरट्यापासून अंदाजे दोनशे मीटरवर, वाडीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथून घरटे जवळजवळ नजरेच्या पातळीवर येते, ही जागा निवडणाऱ्याची हुशारी म्हटली पाहिजे. मंडळाने दिलेली मोठी दुर्बीण चांगली आहे; तिची तिवई मात्र खिळखिळी आहे आणि वारा सुटला की गरुड भूकंपात बसल्यासारखा दिसतो. मी दुसऱ्या दिवशी तिवईला दगडांनी भरलेली पिशवी टांगली आणि काम भागले. याहून मोठा दोष दिशेचा आहे. लपणाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी प्रकाश आपल्या पाठीमागून घरट्यावर पडतो आणि मादीच्या डोळ्याची बाहुलीसुद्धा दिसते. परंतु दुपारी चारनंतर सूर्य आणि समुद्रावरचे त्याचे चकाकणे असे दोन्ही थेट डोळ्यांत येते आणि घरटे म्हणजे नुसता काळा ढीग उरतो. संध्याकाळच्या पाळीतल्या माझ्या निम्म्या नोंदी ‘बहुधा मादी’ अशा आहेत. वाडीच्या दक्षिणेला कातळाचा एक सडा आहे, तिथे दुसरा आडोसा केला तर हा प्रश्न सुटेल, असे मी मंडळाला कळवले आहे. उत्तर आलेले नाही.

त्या आठवड्यातले पाहण्यासारखे एकच दृश्य सांगतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नर समुद्रावरून आला. त्याच्या पायांत मासा नव्हता, पाने असलेली हिरवी डहाळी होती. तो घरट्याच्या काठावर उतरला, डहाळी चोचीत घेऊन त्याने ती मादीच्या छातीपुढे ठेवली, मादीने ती उचलून आपल्याला हवी तशी दोनदा फिरवून बसवली आणि मग ती उठली. तिने पंख ताणले, अंगावरची पिसे फुलवून झटकली आणि ती उडाली. नर अंड्यांवर बसताना पायांची बोटे मिटून, नखे आत वळवून, पाऊल तिरके टाकत पुढे सरकला, आणि मग एखादी वयस्क व्यक्ती खुर्चीत बसताना करते तशी दोन्ही बाजूंना झुलून तो खाली बसला. जे नख समुद्री सापाच्या पाठीत रुतते, ते अंड्याला लागू नये म्हणून ही सारी काळजी. नोंदवहीत या प्रसंगासाठी एकच शब्द लिहायचा असतो : ‘पालट’. मी तोच लिहिला.

आता राखणीचा खरा भाग, म्हणजे माणसांचा. डिसेंबरात आंब्याला मोहोर येऊ लागतो आणि फवारणी सुरू होते. पंपाचा आवाज, टाकी घेऊन फिरणारी गाडी, नळी ओढणारे चार गडी हे सगळे घरट्याच्या आसपास चालते. त्यातच वानरांचा उपद्रव असल्याने बागेचे राखणदार दिवसातून दोन-तीनदा फटाके वाजवतात. मंडळाने इथे समंजस मार्ग काढलेला आहे. त्या आंब्याभोवतीच्या कलमांची फवारणी उन्हे चढण्यापूर्वी आणि एका दमात उरकायची, मधे थांबायचे नाही, आणि फटाके बागेच्या दुसऱ्या टोकालाच लावायचे, असा तोंडी करार त्यांनी बागायतदारांशी केला आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे हे स्वयंसेवकाचे काम आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की सकाळी नेपाळहून आलेल्या राखणदाराशी चहा प्यायचा, त्याची विचारपूस करायची आणि हसत हसत फटाक्यांचा विषय काढायचा. चार दिवसांपैकी तीन दिवस फटाके ठरल्या जागी वाजले, एकदा मात्र भलत्याच जागी वाजले. त्या एका वेळी मादी घरट्यात दबून बसली, पण उठली नाही. यावरून एक कळले, जे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. रोजच्या आवाजाची या जोडीला सवय आहे. मालकीणबाई दररोज त्याच आंब्याखाली अंगण झाडतात, कोंबड्यांना हाका मारतात, तरी वर हालचाल होत नाही. परंतु अनोळखी माणूस शंभर मीटरवर नुसता थांबून वर पाहू लागला की मादीची मान उंच होते. तिला माणसाचे वावडे नाही, तिला टक लावून पाहण्याचे वावडे आहे.

याची प्रचिती रविवारी आली. सकाळी साडेनऊच्या सुमारास जवळच्या एका रिसॉर्टवरून तिघे जण आले. त्यांच्याकडे ड्रोन होता. माझ्याबरोबर पाळीवर असलेली कोल्हापूरची विद्यार्थिनी लपणातून उठून धावत खाली गेली, तिने त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, परंतु ती पोहोचेपर्यंत यंत्र वर गेलेले होते. मादी उठली आणि ड्रोनच्या दिशेने झेपावली. घरटे एकूण सतरा मिनिटे उघडे होते. बाराव्या मिनिटाला दोन डोमकावळे शेजारच्या फांदीवर येऊन बसले, आणि मी दोनशे मीटरवरून दुर्बिणीला डोळा लावून त्यांच्याकडे पाहत बसण्याव्यतिरिक्त काहीही करू शकत नव्हतो. नर समुद्राकडून ओरडत आला आणि कावळे पांगले. बदकाच्या ओरडण्याला भोंग्याची जोड द्यावी तसा त्याचा तो कर्कश आवाज मला त्या दिवशी गोड वाटला. मला खटकले ते पुढचे. त्या तिघांना वाट कोणी सांगितली, अशी विचारणा केल्यावर मंडळातल्याच एका कार्यकर्त्याने रिसॉर्टवाल्याशी असलेल्या ओळखीतून सांगितल्याचे निष्पन्न झाले. आमच्याकडून मोबाइलच्या नोंदी बंद करून घेणाऱ्या मंडळाने आपल्या घरचा दरवाजा उघडा ठेवावा, ही गोष्ट माफ करण्याजोगी नाही. मास्तरांनी आमची क्षमा मागितली. ज्यांनी मागायला हवी होती ते भेटले नाहीत.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण गुप्तता हाच एकमेव उपाय आहे असे नाही. हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर दिसणारी मोरघार, जिला इंग्रजीत ऑस्प्रे म्हणतात, तिची एक जोडी १९५४ साली स्कॉटलंडमधील लॉक गार्टन या तळ्याकाठी घरटे करू लागली. अंडी चोरणाऱ्यांच्या भीतीने तिथे रात्रंदिवस पहारा बसवण्यात आला, सगळे गुप्त ठेवण्यात आले, तरीही १९५८ साली चोराने अंधारात झाडावर चढून अंडी नेलीच. पुढच्या वर्षी तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेने नेमके उलटे केले. एका ठरावीक अंतरावर निरीक्षणाची जागा बांधून ती जनतेला खुली केली, आणि त्या हंगामात सुमारे चौदा हजार लोक ते घरटे पाहून गेले. हजारो डोळ्यांचा पहारा चोराला भेदता येत नाही, असा तो हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. मी हे उदाहरण मास्तरांपुढे ठेवले तेव्हा ते म्हणाले, “तिथली जमीन मोकळी होती. इथे चौदा हजार माणसं कुणाच्या अंगणातून नेऊ?” त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु अर्धी गुप्तता आणि अर्धी ओळखपाळख ही दोन्हींपेक्षा वाईट असते, हेही तितकेच खरे.

अंगणाचा विषय निघालाच आहे तर बागमालक काकांविषयी लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते या संपूर्ण उपक्रमाचा कणा ते आहेत आणि उपक्रमाच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेखही नाही. पहिल्या फेरीत मी त्यांच्याकडे पाणी मागायला गेलो तेव्हा त्यांनी ओसरीवर बसवले, कोकम सरबत दिले आणि मग अंगणाकडे बोट दाखवले. आंब्याखाली माशांची डोकी, काटे, विष्ठेचे पांढरे फराटे आणि वाळून दोरखंड झालेला एका समुद्री सापाचा सांगाडा पडला होता. घमघमाट होता, असे सभ्य भाषेत म्हणू. “झाड माझं, पक्षी सरकारचा, आणि घाण तेवढी माझ्या अंगणात,” काका म्हणाले. त्यात राग नव्हता; नुसता जमाखर्च होता. त्या आंब्याला फळ नावापुरतेच धरते, लाकूडवाला दोनदा येऊन भाव करून गेला आहे, आणि काकांच्या मुलाला तिथे दोन खोल्या काढायच्या आहेत. आंबा हे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतले झाड असल्याने ते तोडायला परवानगी लागते, हे खरे. वर घरटे असताना तर हात लावताच येत नाही, हेही खरे. परंतु कायदा झाड पाडण्याचे दिवस पुढे ढकलू शकतो, ते राखण्याची इच्छा निर्माण करू शकत नाही. ती सध्या काकांकडे आहे आणि तिचे कारण विचारल्यावर ते म्हणाले की त्यांच्या आईला ‘काकण’ आवडायचा. या पक्ष्याला तिथे हेच नाव आहे.

म्हणून मी मंडळाकडे माझ्या ५,२०० रुपयांचा हिशेब मागितला. तो त्यांनी लगेच आणि मोकळेपणाने दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. निवास व भोजनाचे ३,२०० रुपये यजमान कुटुंबाला जातात, हंगामभर ठेवलेल्या स्थानिक राखणदाराच्या पगारासाठी १,२०० रुपये आणि उरलेले ८०० रुपये रिक्षा, छपाई व दुर्बिणीची देखभाल यांसाठी. (तिवईवर ते खर्च होत नाहीत, हे मी साक्षीने सांगतो.) झाडाच्या मालकाला काहीही नाही. ‘पैसे दिले की त्यांची अपेक्षा वाढेल’, असे मंडळाचे उत्तर होते. मला ते मान्य नाही. यजमानांना पैसे दिल्याने त्यांचा आदर कमी झालेला नाही, राखणदाराला पगार दिल्याने त्याची निष्ठा आटलेली नाही, मग ज्याच्या अंगणात सात-आठ महिने माशांचे काटे पडतात त्याच्याच बाबतीत निरपेक्ष भूतदयेची परीक्षा का घ्यावी? प्रत्येक स्वयंसेवकाकडून ५०० रुपये अधिक घ्यावेत आणि ते घरटे यशस्वी होवो वा न होवो, झाडाचे भाडे म्हणून हंगामाच्या शेवटी मालकाला द्यावेत, अशी सूचना मी लेखी दिली. फेब्रुवारीत गेलो तेव्हा निर्णय झाला नव्हता. मात्र अंगण झाडण्यासाठी मंडळाने एका बाईंना दर आठवड्याला मजुरी देणे सुरू केले होते. त्या बाई त्याच वाडीतल्या आहेत, त्यामुळे गरुडांची हरकत नव्हती.

फेब्रुवारीची फेरी डोळ्यांना सुखावणारी होती. जानेवारीतल्या स्वयंसेवकांच्या नोंदींत घरट्यात दोन डोकी दिसल्याचे लिहिले आहे आणि तिसऱ्या आठवड्यापासून एकच. या जातीत अंडी बहुधा दोन असतात आणि दुसरे पिल्लू पुष्कळदा जगत नाही, तेव्हा यात अनैसर्गिक काही नाही. उरलेले पिल्लू आता सुमारे आठ आठवड्यांचे, तपकिरी, आईएवढे दिसणारे आणि अतिशय चिडखोर झाले होते. आईबापांचा पांढरा-राखाडी रंग त्याला यायला आणखी चार-पाच वर्षे लागतील. वारा आला की ते घरट्याच्या काठावर उभे राहून पंख पसरायचे, दोन्ही पाय क्षणभर काटक्यांपासून सुटायचे आणि मग स्वतःच दचकून ते खाली बसायचे. एका सकाळी नराने समुद्री साप आणून टाकला. चट्टेरी शेपटी, वल्ह्यासारखी चपटी, घरट्याबाहेर लोंबत होती. पिल्लाने त्यावर पंखांचा तंबू उभारला आणि बाप निघून जाईपर्यंत ते तसेच थांबले. मग एक पाय सापावर रोवून त्याने ओढायला सुरुवात केली, आणि साप मधोमध तुटल्यावर ते मागच्या मागे बसकण मारून पडले. माझ्या सोबतीला त्या दिवशी साताऱ्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी नोंदवहीत ‘अन्न : साप, १’ असे लिहिले आणि बराच वेळ हसत होते.

याच फेरीत नोंदवह्यांबाबतची माझी दुसरी मोठी तक्रार पक्की झाली. घरट्यावर पाळत ठेवण्याचा उपयोग काय, तर एखाद्या वर्षी घरटे फसले की ते कोणत्या टप्प्यावर फसले, त्या आधीच्या आठवड्यात फवारणी होती, वादळ होते की माणसे होती, हे सांगता यावे. आणि झाडावर कुऱ्हाड येण्याची वेळ आली तर वनखात्यापुढे तारीखवार पुरावा ठेवता यावा. त्यासाठी पाने भरून चालत नाही, ती जुळवावी लागतात. मी डिसेंबरातली माझी पाने पाहायला मागितली. मंडळाच्या कार्यालयातील कपाटात वह्या होत्या, परंतु त्या तारखेने लावलेल्या नव्हत्या, दोन पाने मिळालीच नाहीत, आणि त्यांतले एक नेमके ड्रोनच्या रविवारचे होते. कोणी ते मुद्दाम काढले असेल असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात कोकणात कागदाचे काय होते हे मला ठाऊक आहे. परंतु प्रत्येक पाळीनंतर पानाचे छायाचित्र काढून एका ठिकाणी ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते करायला आम्ही स्वयंसेवक तयार आहोत. शेवटच्या दिवशी पोस्टमास्तरांनी आणि मी बसून जानेवारी-फेब्रुवारीची पाने तारखेप्रमाणे लावून दिली. पोस्टमास्तरांचा त्या कामातला वेग पाहण्याजोगा होता.

मुक्कामाविषयी थोडक्यात. खोल्या साध्या, स्वच्छ; शौचालय वेगळे; गरम पाणी बंबातले. यजमानीण वहिनी पहाटे साडेपाचला चहा आणि घावण्यांचा डबा तयार ठेवतात आणि त्यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत. कुळथाचे पिठले उत्तम. मोबाइलला पुरेशी रेंज नाही, ही इथे सोयच समजावी. लपणापर्यंतची वाट अंधारात उतरणीची आणि चिऱ्याच्या दगडांची असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी न्यावी. लपणातले बाक पाठीशिवायचे आहे. एक उशी सोबत असू द्यावी. लहान मुलांना आणू नये असे मंडळ सांगते आणि ते योग्य आहे, कारण चार तास न बोलता बसणे मोठ्यांनाही जड जाते.

छायाचित्रासाठी जाणाऱ्यांनी जाऊ नये. दोनशे मीटरवरून, झावळ्यांच्या फटीतून, छायाचित्र येते ते ओळखपत्रावरच्यासारखे येते. ज्यांना वही भरण्यात, लोकांशी गोड बोलून काम काढून घेण्यात आणि काहीही न घडणारी सकाळ नीट लिहून ठेवण्यात कमीपणा वाटत नाही, त्यांच्यासाठी हे पैसे आणि ही रजा सार्थकी लागते. पाचपैकी गुण द्यायचे तर प्रशिक्षण आणि यजमान यांना पाच, राखणीच्या व्यवस्थेला तीन, नोंदींच्या व्यवस्थेला दोन आणि झाडमालकाला दिल्या जाणाऱ्या वागणुकीला एक, तोही अंगण झाडणाऱ्या बाईंमुळे.

मास्तरांनी मार्चच्या अखेरीस दूरध्वनी करून कळवले की पिल्लू घरटे सोडून समोरच्या सुरूवर बसू लागले आहे, काकांनी लाकूडवाल्याला यंदाही परत पाठवले आहे, आणि ५०० रुपयांचा विषय एप्रिलच्या बैठकीत घेतला जाणार आहे. पुढच्या हंगामाची नोंदणी गणपतीनंतर सुरू होते. मी डिसेंबरसाठी नाव देणार आहे. फक्त पाळी सकाळची मागितली आहे आणि तिवई घरून नेणार आहे.